दोन खांबांमधला समुद्र

साठ मीटर की त्याहून जास्त, या प्रश्नावर वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार मुंबई महापालिकेशी काही वर्षं भांडले. सागरी किनारा मार्गाचं वरळीकडचं टोक वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडायचं होतं आणि तो जोड नेमका क्लीव्हलंड बंदराच्या तोंडावरून जाणार होता. कोळीवाड्याच्या बोटी याच वाटेने समुद्रात जातात. आराखड्यात पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं आणि बोट जायला ते पुरेसं आहे, असं पालिकेचं म्हणणं होतं. शांत पाण्यात, दिवसाउजेडी, एकटी बोट असेल तर ते खरंही आहे. पण कोळ्याला परतायचं असतं ते भरती-ओहोटीच्या वेळेनुसार. मग रात्र असो, आडवा वारा असो, समोरून दुसरी बोट येत असो. पाण्याच्या ओढीने बोट खांबाकडे जायला लागली, तर तिला सावरायला जागा हवी. ही जागा ते मागत होते.

२०२१ मध्ये त्यांनी बोटी समुद्रात नेऊन काम अडवलं. पुढे तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि अखेर सातव्या आणि नवव्या खांबांमधला आठवा खांब वगळून १२० मीटर अंतर सोडायचं ठरलं. कोळ्यांची मूळ मागणी याहून मोठी होती. एवढं अंतर एका झेपेत ओलांडायचं म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये १३६ मीटर लांबीची पोलादी कमान बार्जवरून आणून बसवावी लागली, आणि पुढच्याच महिन्यात १४३ मीटरची दुसरी. आज सेतूवर चढताना गाडीतल्या माणसाला या कमानी अभियांत्रिकीचं वैभव वाटतात, आणि त्या तशा आहेतही. पण त्या तिथे उभ्या आहेत त्या कोळीवाड्याच्या हट्टामुळे, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

हा हट्ट कळायला कोळीवाडा कुठे संपतो, हे आधी ठरवावं लागतं. नकाशावर तो वरळीच्या टोकाला, किल्ल्याच्या पायथ्याशी, शेवटच्या घरापाशी संपतो. तिथे राहणाऱ्यांच्या लेखी मात्र तो तिथे संपत नाही. बोटी नांगरायचं पाणी, जाळी पसरायचा बंदराचा उतार, मासळी सुकवायची मोकळी जागा आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक, हे सगळं त्या वस्तीतच मोडतं. घरं लहान आहेत आणि एकमेकांना खेटून आहेत, कारण जगण्याचा मोठा भाग घराबाहेर, पाण्याच्या कडेने चालतो. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला साडेएकोणीस हजारांवर होती. हा भागाकार करताना भाजक म्हणून फक्त जमीन घेतली जाते. कोळीवाड्याला तोच हिशेब लावला की उत्तर येतं, ‘दाटीची वस्ती’. त्यातून झोपडपट्टी हा शब्द फार दूर राहत नाही.

वरळी हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारात १६६१ मध्ये मुंबई इंग्रजांच्या राजाला देण्याचं ठरलं, त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या किनाऱ्यावर कोळी मासेमारी करत होते. टोकावरचा छोटा किल्ला इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधला. त्यावर उभं राहिलं की माहीमच्या उपसागरावर नजर ठेवणं किती सोपं होतं, ते दिसतं. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता. भरतीचं पाणी महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून आत घुसून बेटांचा मधला सखल भाग बुडवत असे. हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला गेला आणि वरळी मुंबईला जोडली गेली. तेव्हापासून या शहराने घेतलेली बरीच नवी जमीन कुणाच्या तरी मासेमारीच्या पाण्यातून घेतलेली आहे. किनारा मार्गासाठी जे १११ हेक्टर भरावाचं क्षेत्र तयार झालं, ते याच परंपरेतलं.

गावाचं दैवत गोलफादेवी. बोटीची, लग्नाची किंवा आजारपणाची काळजी असली की देवीला कौल लावण्याची इथली जुनी रीत आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो. यांत्रिक बोटींसाठी १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी राज्यात अनेक वर्षं पाळली गेली आहे. पण कायद्याच्या कितीतरी आधीपासून समुद्राला विश्रांती देण्याचा काळ कोळ्यांच्या पंचांगात होताच.

२०२० च्या मार्चअखेरीस कोरोनाचे रुग्ण सापडले आणि वरळी कोळीवाडा सील झाला. शहरातल्या पहिल्या प्रतिबंधित क्षेत्रांपैकी तो एक होता. अरुंद गल्ल्या आणि सामायिक शौचालयं असलेल्या वस्तीत एकमेकांपासून अंतर ठेवायचं तरी कसं? बोटी बंदरात अडकल्या आणि मासळी विकणाऱ्या बायकांच्या पाट्या रिकाम्या राहिल्या. त्या काळात बाहेरच्यांना वस्ती दिसली ती फक्त तिच्या दाटीतून. ज्या मोकळ्या पाण्यामुळे ही दाटी सुसह्य होते, त्याचा उल्लेख बातम्यांत क्वचितच आला.

न्यायालयातली लढाई त्याआधीच झाली होती. कोळीवाड्यातली नाखवा मत्स्यव्यवसाय सहकारी सोसायटी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि १६ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने किनारा मार्गाची किनारा-नियमन क्षेत्राची मंजुरी रद्द केली. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि रस्त्याचं काम पुन्हा सुरू झालं. मार्गाच्या वरळी ते मरीन ड्राइव्ह या दक्षिणेकडे जाणाऱ्या बाजूचं उद्घाटन ११ मार्च २०२४ रोजी झालं. या सगळ्यात कोळीवाडा हरला, असं मी म्हणणार नाही. भराव थांबला नाही, पण समुद्रावर आपला वहिवाटीचा हक्क आहे, हे बोलणं त्या लोकांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत नेलं.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात ते खडक. वरळीचा किनारा खडकाळ आहे. ओहोटीला तिथे कालवं, खेकडे, शिंपले मिळतात आणि ते काढायला बायका वाकून तासन् तास काम करतात. याच खडकांवर प्रवाळांच्या वसाहती सापडल्या, आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्यात वरच्या दर्जाचं संरक्षण असल्यामुळे त्या उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. हे योग्यच झालं. पण कालवं काढणाऱ्या बाईला हलवून दुसऱ्या खडकावर नेता येत नाही. परवाना असतो बोटीला. बोट नसलेल्या, खडकावरच पोट असलेल्या बाईच्या हातात दाखवायला कागद नसतो, आणि भरपाईचा कुठलाही हिशेब कागदापासून सुरू होतो. मच्छीमारांच्या नुकसानीचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपवला गेला. अशा अभ्यासात बोटींच्या यादीआधी या बायकांची नावं लिहिली गेली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. बोट नंतरही मोजता येते. खडक भरावाखाली गेला की तिथे कोण काम करत होतं, हे सांगणारी खूण उरत नाही.

घरांचा प्रश्न वेगळा नाही. २०११ च्या किनारा-नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांसाठी खास तरतूद होती. १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासनाच्या संबंधित नोंदींत असलेल्या मच्छीमार वसाहतींचं नकाशीकरण करावं, त्या किनारा-नियमन क्षेत्राच्या तिसऱ्या वर्गात धराव्यात आणि तिथली बांधकामं स्थानिक नियमांनुसार व्हावीत, असं ती सांगत होती. त्यानंतर सीमांकनाचा विषय शासनदरबारी रेंगाळत राहिला. सीमा ठरलेली नसली की मुलाच्या लग्नानंतर चढवलेला वरचा मजला ‘बेकायदा’ ठरतो आणि गावठाणातली पिढीजात जागा पुनर्विकासाच्या योजनेत ओढली जाण्याची भीती सतत राहते. टॉवरमधली सदनिका मिळाली, तर जाळं कुठे विणायचं? आठव्या मजल्यावर बोंबील कुठे वाळवायचे? हे प्रश्न कोळीवाड्यात फार गांभीर्याने विचारले जातात आणि त्यांना उत्तर देण्याची जबाबदारी योजना आखणाऱ्यांची आहे.

त्यामुळे सीमांकनाची मोजणी होईल तेव्हा मोजणीदाराने घरांच्या भिंतींवर थांबू नये. मासळी सुकवायची जागा, बंदराचा उतार, बोटी लावायचं पाणी आणि बायकांचे खडक हे त्याच नकाशावर, त्याच रंगात दाखवले गेले पाहिजेत. तसं झालं तर उद्या कुणी नवा खांब रोवायला आला, तेव्हा दोन खांबांमध्ये किती पाणी सोडायचं, हे ठरवण्यासाठी कोळ्यांना पुन्हा बोटी आडव्या घालाव्या लागणार नाहीत. ते काम निविदा काढण्याआधीच, नकाशा समोर ठेवून आणि नाखव्यांना बरोबर बसवून व्हायला हवं.