बोंड अळी, गुलाबी

बोंड अळी, गुलाबी : (शेंदरी बोंड अळी). कपाशीचे बोंड पोखरणारी कीड. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. वऱ्हाडातील अमरावती, अकोला व यवतमाळ या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत तिच्या नियंत्रणाचा प्रश्न विशेष बिकट आहे.

मादी पाते, फूल व कोवळे बोंड यांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी लवकरच आत शिरते व शिरकावाचे छिद्र बुजून जाते. त्यामुळे बाहेरून निकोप दिसणारे हिरवे बोंड आत सरकीपर्यंत पोखरलेले असते. कीडग्रस्त फूल न उमलता कळीसारखे मिटलेले राहते. त्यास ‘डोमकळी’ म्हणतात. बोंडातील अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. कीटकनाशक लागू पडते ते अळी आत शिरण्यापूर्वीच, आणि हा अवधी फार थोडा असतो.

बीटी कपाशीस भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाल्यावर फवारण्या कमी झाल्या. परंतु पुढे या अळीत बीटी प्रथिनांविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण झाली व २०१७ मध्ये विदर्भात तिचा मोठा उद्रेक झाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

फवारणीची वेळ कामगंध सापळ्यांवरून ठरवितात : एका सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास ती करावी. अळी सुप्तावस्थेत सरकीत व पऱ्हाट्यांवरील किडक्या बोंडांत राहत असल्याने फरदड न घेणे हा उपाय अधिक परिणामकारक होय. मात्र ओलिताची सोय असलेल्यास फरदडीचा मोह सहसा सुटत नाही.