४१३२११: टेंभुर्णीच्या पिन कोडमधली चूक गणिताला पकडता येते का?

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या, माढा तालुक्यातल्या टेंभुर्णीचा पिन कोड आहे ४१३२११. घाईत दुसरा आणि तिसरा अंक उलटसुलट झाला, तर होतो ४३१२११. चूक एवढीशीच, पण पत्र सोलापूर सोडून मराठवाड्याची वाट धरू शकतं. पंचाईत अशी, की तिकडे जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यातही एक टेंभुर्णी आहे आणि तिचा पिन कोड ४३१नेच सुरू होतो!

खरं तर एकाच नावाच्या गावांचा असा घोळ टाळण्यासाठीच पिन कोड आला. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही कल्पना १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा विभाग. ४१३ म्हणजे सोलापूरकडचा छाननी विभाग. तो जिल्ह्याच्या हद्दीशी तंतोतंत जुळत नाही; पुणे जिल्ह्यातल्या बारामतीचा पिनही ४१३नेच सुरू होतो. शेवटचे २११ टपाल वाटणाऱ्या पोस्टाचे.

आता ४१३२११ ही निव्वळ संख्या म्हणून पाहा. अंकांची बेरीज १२, म्हणून तिला ३ने भाग जातो. भागाकार येतो १३७७३७, आणि ही मूळ संख्या आहे. ३६७पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं तरी दर वेळी बाकी उरतेच. त्यामुळे ४१३२११चे विभाजक चारच: १, ३, १३७७३७ आणि ती स्वतः.

मग ‘३ने भाग जातो का’ एवढं पाहून चूक पकडता येईल? नाही. अंकांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाही. ४३१२११मधून ४१३२११ वजा केले तर उरतात १८०००. कोणत्याही दोन अंकांची अदलाबदल करा, फरक ९च्याच पटीत येतो.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची प्रसिद्ध रीतही इथे आंधळीच. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. चार अंकी संख्या (सगळे अंक सारखे नसतील तर) अखेर ६१७४वर थांबते. सहा अंकांत मात्र ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन मुक्काम आहेत, शिवाय सात संख्यांचं एक चक्र. टेंभुर्णीचा पिन असा जातो: ४३२१११ − १११२३४ = ३२०८७७, मग ८५३५४२, ६२०८७४, ८५१७४२. इथे तो चक्रात सापडतो: ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. चुकीचा ४३१२११ही याच वाटेने जातो, कारण पहिल्याच पायरीला अंकांचा मूळ क्रम पुसला जातो.

चूक पकडायची तर जागेला किंमत द्यावी लागते. पहिल्या अंकाला १ने, दुसऱ्याला २ने, असं सहाव्यापर्यंत गुणून बेरीज करा. ४१३२११ची येते ३४, ४३१२११ची ३२. याच धर्तीवर संख्येच्या शेवटी एक तपासणी अंक जोडता येतो. आधार क्रमांकात असा अंक असतो, त्याची रीत मात्र जास्त गुंतागुंतीची आहे. पिन कोडच्या सहाही अंकांत पत्ताच भरलेला आहे, तपासणीला जागाच नाही. त्यामुळे पाकिटावर ‘ता. माढा, जि. सोलापूर’ लिहिलेलं असेल, तरच छाननी करणाऱ्याला ४३१ खटकेल.