आपोआप आलेली मंडळी

डेबियनवर ‘अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह’ ही कमांड दिली की आधी पॅकेजांची यादी येते, मग किती जागा मोकळी होईल तो आकडा, आणि शेवटी प्रश्न: हो की नाही? बहुतेकांची नजर आकड्यावर जाते. वाचायची असते ती यादी.

तिच्यात ‘लिब’ने सुरू होणारी नावंच फार. वऱ्हाडाबरोबर आलेली आणि वऱ्हाड परतल्यावरही मुक्काम ठोकून बसलेली ही मंडळी. पण ती नकोशी झाली हे अ‍ॅप्टला कसं कळतं? पॅकेज शेवटचं कधी वापरलं, हे तो पाहतच नाही. तुम्ही नाव घेऊन मागवलं की दुसऱ्या पॅकेजाच्या गरजेपोटी आपोआप आलं, एवढीच नोंद त्याच्याकडे असते. आपोआप आलेल्याची गरज किंवा शिफारस आता कुणाचीच नसेल, तर ते यादीत. त्यामुळे वर्षानुवर्षं न उघडलेला, पण तुम्ही मागवलेला प्रोग्राम सुखात राहतो. रोजच्या वापरातला मात्र निघू शकतो.

खरी मेख मेटापॅकेजात आहे. ‘ग्नोम’ हे पॅकेज आतून जवळपास रिकामं. त्याचं काम इतरांना ओढून आणण्याचं. त्याला अत्यावश्यक असलेलं एखादं पॅकेज तुम्ही काढलंत, की ग्नोमही जातं आणि त्याने आणलेली पॅकेजं पोरकी होतात. पुढच्या ऑटोरिमूव्हला यादी अचानक लांबलचक दिसते ती यामुळे. अशा वेळी मी ‘नाही’ म्हणते आणि हवी ती पॅकेजं ‘अ‍ॅप्ट-मार्क मॅन्युअल’ने माझ्या नावावर करून घेते. शंका असेल तर आधी ‘-एस’ लावून रंगीत तालीम करता येते. त्यात काहीच पुसलं जात नाही.

जागेचा मोठा हिशेब बहुधा जुन्या कर्नलांचा. ‘बूट’चं विभाजन वेगळं आणि लहान असेल तर ते भरतं, आणि नवं कर्नल बसवताना अपडेट अर्ध्यात अडकतं. ऑटोरिमूव्ह चालू कर्नलला आणि सर्वांत नव्याला हात लावत नाही. हाताने काढणाऱ्याने मात्र ‘यूनेम -आर’ने चालू आवृत्ती आधी बघावी.

नुसत्या ‘रिमूव्ह’ने ‘ईटीसी’तल्या सेटिंगच्या फायली राहतात, ‘डीपीकेजी -एल’मध्ये अशा पॅकेजापुढे ‘आरसी’ दिसतं. ‘पर्ज’ त्याही पुसतो. मारियाडीबीचा सर्व्हर पर्ज करताना डेबियन वेगळं विचारतं: डेटाबेसही काढायचे का? तिथे एंटर सवयीने दाबू नये.