शाळा मुलाकडे जाते तेव्हा

शिक्षणात समान संधी असावी, याविषयी आज कोणाचे दुमत नाही. मतभेद आहे तो 'समान' या शब्दाच्या अर्थाविषयी. शाळेचे दार सर्वांना सारखेच उघडे ठेवले म्हणजे संधी समान झाली, असे पुष्कळांना वाटते. परंतु त्या दारापर्यंतची वाट सर्वांची सारखी नसते. एकाची शाळा घरासमोर असते. दुसऱ्याचे घरच वर्षातून दोनदा जागा बदलते.

हा विचार आपल्या भागाला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाच्या कामास आरंभ केला व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. आदिवासी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा मुलांना आळशी न ठरवता या बाईंनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली, तीही याच न्यायाने. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांनी मालवाहू कंटेनरमध्ये वर्ग थाटले. गाव सोडून आलेल्या कुटुंबांची, सिग्नलवर वस्तू विकणारी मुले तेथे शिकू लागली. या मुलांना पुस्तकाआधी आंघोळीचे पाणी आणि पोटभर अन्न लागते, हे त्या शाळेने ओळखले. कल्याण-भिवंडीकडील वीटभट्ट्यांचा प्रश्नही असाच आहे. दिवाळीनंतर मजूर भट्टीवर येतात व पावसाच्या तोंडाशी परततात. मुलाचे शाळेचे वर्ष मात्र मधोमध तुटते.

कायद्याने ही अडचण ओळखली आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावे लागते आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही; पूर्वीच्या शाळेचा दाखला यावयाचा आहे, या सबबीवर तो अडवताही येत नाही. अल्पसंख्याक संस्था वगळता खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी आहेत. जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना यातून सूट देणारा राज्याचा २०२४ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला.

तथापि कायदा प्रवेश देतो. टिकवून ठेवण्याचे काम माणसांनाच करावे लागते. जागा मिळाली तरी सहलीची वर्गणी, स्नेहसंमेलनाचा पोशाख, घरी अभ्यास घेणाऱ्याचा अभाव, या लहान गोष्टींनी मूल गळते. आणि हा हक्क चौदाव्या वर्षी संपतो, म्हणजे नेमका शालान्त परीक्षेच्या आधी. म्हणून आपल्या इमारतीत धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईंचे मूल कोणत्या इयत्तेत आहे, भट्टीवरून परतलेल्या मुलाला वर्गात बसवून घेतले की नाही, एवढी चौकशी आपण करू शकतो. दाखल्याच्या नावाखाली कोणी परत पाठवले, तर त्या पालकासोबत शाळेत जाऊ शकतो. सवलत म्हणजे उपकार नव्हे. ज्याची वाट लांब आहे, त्याला वेळेवर पोहोचविण्याची ती व्यवस्था आहे.