हिरवे छत : आधी भार, मग बहर

अजिंठ्याच्या डोंगररांगांलगतच्या सोयगाव परिसरात उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. या भागातील जुन्या धाब्याच्या घरात मात्र भर दुपारीही गारवा जाणवतो. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या व पाला आणि सर्वांत वर मातीचा जाड थर, अशी धाब्याची रचना असते. ही माती दिवसाचे ऊन शोषून घेते आणि ते घरात सावकाश उतरते. धाब्यांची जागा स्लॅबने घेतली तशी घरे पक्की झाली खरी. पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडीत राहतो. त्यावरील एक उपाय म्हणजे गच्चीवर मातीचा पातळ थर देऊन त्यात रोपे लावणे, म्हणजेच हिरवे छत.

कल्पना नवी नव्हे. मुंबईच्या मलबार हिलवरील हँगिंग गार्डन 1881 मध्ये पाण्याच्या साठवण टाकीवरच उभारण्यात आले. हिरव्या छतामुळे स्लॅबवर थेट ऊन पडत नाही, पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनाने गारवा येतो आणि पावसाचे काही पाणी मातीत मुरून गटारांवरील ताण कमी होतो.

परंतु मातीला वजन असते, हे मराठवाड्याइतके क्वचितच कोणी जाणत असेल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात हजारो माणसे दगावली. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरील जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. वर्षानुवर्षे नवी माती टाकल्याने अनेक माळवदे दीड-दोन फूट जाड झाली होती.

आजच्या गच्चीलाही हा हिशेब चुकत नाही. वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकाने धरलेला चल भार प्रति चौरस मीटर सुमारे 150 किलो आहे. केवळ 10 सेंटीमीटर ओली माती त्याहून अधिक भरते. म्हणून स्थापत्य अभियंत्याने इमारत तपासल्याखेरीज गच्चीवर मातीचे एक घमेलेही चढवू नये. दगडमातीच्या जुन्या भिंतींवर तर हा प्रयोग करूच नये.

इमारत योग्य ठरल्यास प्रथम जलरोधक थर द्यावा, पाणी दोन दिवस तुंबवून गळती तपासावी आणि उतार पन्हळीकडे ठेवावा. त्यावर मुळे रोखणारा जाड प्लास्टिकचा पडदा, मग निचऱ्यासाठी विटांचे तुकडे, गाळणीचे कापड आणि शेवटी माती. शेतातील काळी माती फुकट मिळते, तरी ती टाळावी. ती फुगते, भेगाळते व पाणी धरून ठेवते. कोकोपीट व कंपोस्ट मिसळलेली हलकी माती बरी.

पाण्याची टंचाई असलेल्या भागात हिरवळीचा हट्ट धरू नये. कोरफड, पानफुटी, चिनी गुलाब ही रोपे थोड्या मातीत व थोड्या पाण्यावर तग धरतात. भाजीपाल्याला अधिक खोल माती लागते, म्हणजे भारही वाढतो. वड-पिंपळाची रोपे दिसताच उपटावीत आणि मृगाच्या आधी पन्हळीत साचलेला पाला काढून टाकावा.