दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यास पालि ग्रंथ कसे मिळतील?

दूरशिक्षणाने पालिचे अध्ययन करणाऱ्यापुढील पहिली अडचण व्याकरणाची नसून ग्रंथांची असते. कागल तालुक्यातील बिद्री येथे साखर कारखान्यात पाळीने काम करणारा विद्यार्थी घ्या. विद्यापीठाचे ग्रंथालय कोल्हापुरात. तेथे जाणे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाची रजा. तो दिवस वाया जाऊ नये म्हणून काही गोष्टी घरूनच निश्चित करून निघावे, असे आम्ही सुचवितो.

प्रथम संदर्भ वाचावयास शिकावे. अभ्यासग्रंथांत 'दीघ २, ७२' असा निर्देश येतो. तो सुत्ताचा क्रमांक नव्हे. १८८१ साली लंडन येथे स्थापन झालेल्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या रोमन आवृत्तीतील दुसरा खंड, पृष्ठ ७२, असा त्याचा अर्थ आहे. तेथे महापरिनिब्बान सुत्ताचा, म्हणजे दीघनिकायातील सोळाव्या सुत्ताचा, आरंभ होतो. एवढे कळले की रोमन आवृत्तीच मिळाली पाहिजे, हा हट्ट उरत नाही. भिक्खु जगदीश काश्यप यांच्या प्रधान संपादकत्वाखाली निघालेल्या ४१ खंडांच्या नालंदा देवनागरी आवृत्तीत रोमन आवृत्तीचे पृष्ठांक समासात दिलेले आहेत. शिवाय इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचा देवनागरी पाठ, अट्ठकथांसह, संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिला आहे. मूळ पाठासाठी आता प्रवासाची गरज नाही. प्रवास करावयाचा तो अनुवाद, कोश व अभ्यासग्रंथ यांसाठी.

दुसरे असे की, केवळ ग्रंथनाम लिहून नेणे पुरेसे नाही. संपादक, प्रकाशक, वर्ष व खंड यांचीही नोंद हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत १९५७ साली प्रसिद्ध झाला, आणि १९९२ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा अकरावा खंड म्हणूनही निघाला. एका आवृत्तीचा पृष्ठांक दुसरीत लागू पडेलच असे नाही. म्हणून त्याचा संदर्भ कांड, भाग व परिच्छेद यांनी द्यावा.

आता देवघेवीविषयी. शोधाचा आरंभ गावच्या किंवा तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयापासून करावा. कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. जुन्या मराठी ग्रंथांसाठी तेथे चौकशी करावी. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाण्यापूर्वी, आपल्या ओळखपत्रावर बसून वाचता येईल की ग्रंथ घरी नेता येईल, हे विचारून घ्यावे. ग्रंथ तेथे नसल्यास आंतरग्रंथालयीन देवघेवीचा मार्ग आहे. ही मागणी विद्यार्थ्याने परस्पर करावयाची नसते. त्याच्या वतीने एक ग्रंथालय दुसऱ्याकडे ती करते. म्हणून आपल्या अभ्यासकेंद्राच्या ग्रंथपालांकडे लेखी अर्ज द्यावा. कोशासारखे संदर्भग्रंथ सहसा बाहेर देत नाहीत. अशा वेळी आवश्यक तेवढ्याच पानांची छायाप्रत घ्यावी. खासगी अध्ययन व संशोधनासाठी अशा उचित वापरास १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने मुभा दिली आहे.

ग्रंथ परत करणे हाही अध्ययनाचाच भाग होय. विनयपिटकातील पाचित्तिय नियमांपैकी चौदावा येथे स्मरणीय आहे. संघाच्या मालकीची खाट, पीठ वा गादी उघड्यावर मांडून, ती न आवरता किंवा कोणास न सांगता निघून जाणाऱ्या भिक्खूस त्यात दोष सांगितला आहे. सांघिक वस्तू पुढच्याच्याही उपयोगाची असते, हे त्यामागील तत्त्व. ग्रंथालयाचा ग्रंथही तसाच. तो अडकवून ठेवला तर गारगोटीचा वा मुरगूडचा दुसरा विद्यार्थी रजा काढून येतो आणि रिकाम्या हाताने परततो.

१९१७ साली बाबासाहेबांचे ग्रंथ घेऊन येणारे जहाज बुडाले. तरीही १९२० साली लंडनला परतून त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून अध्ययन पुरे केले. त्यांच्या अनुयायांनी ग्रंथ स्वतःच्या मालकीचा नाही म्हणून अध्ययन सोडू नये. तो मागून आणावा, वाचावा आणि मुदतीत परत करावा.