मत नसलेल्यांचा कारभार

सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकाराने साखर कारखाना आणि शिक्षण प्रसारक मंडळ उभे राहिलेल्या, सोलापूर जिल्ह्यातील अकलूजला संस्था चालवणे नवे नाही. तरीही स्वयंसेवी व विकाससंस्थांचे व्यवस्थापन हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय का ठरला, याचे उत्तर कारखान्याशी तुलना केल्यावरच सापडते. ऊस घालणारा शेतकरी हाच कारखान्याचा सभासद असल्याने तो वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब विचारू शकतो आणि संचालक मंडळ बदलूही शकतो, निदान कायद्याने तरी. स्वयंसेवी संस्थेत मात्र पैसा एकाचा, काम दुसऱ्याचे आणि लाभ तिसऱ्याचा असतो, आणि त्या तिसऱ्याला मत नसते.

ही उणीव भरून काढण्याची साधने या अभ्यासक्रमांत शिकवली जातात. त्यांपैकी ‘लॉगफ्रेम’ हा तक्ता १९६९ च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या विकास-साहाय्य संस्थेसाठी तयार झाला. प्रकल्पाचे उद्दिष्ट, कृती, अपेक्षित परिणाम आणि त्याचा पुरावा त्यात एकत्र मांडतात. तक्त्याला मोजता येते तेवढेच दिसते, ही त्याची मर्यादा. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले, तेव्हा घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात लोकसहभाग घडवण्याचे काम ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे होते आणि गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. किती घरे दुरुस्त झाली हे तक्त्यात भरता येते. त्या स्त्रियांचा शब्द गावात किती चालू लागला, हे भरता येत नाही.

कायद्याची जाणही तितकीच लागते. विदेशी देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी झाली, त्यामुळे मोठ्या संस्थांमार्फत तालुक्यातील छोट्या संस्थांना मिळणारा पैसा थांबला.

अकलूजच्या पदवीधराला हा विषय शिकण्यासाठी मुंबईच गाठावी लागते असे नाही. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर येथील ग्रामीण संकुल १९८६ पासून शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात आहे; तेथे वर्गाइतकेच महत्त्व गावातील क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत राहून करायच्या कामाला दिले जाते.